अंगठा बाहेर काढ

चेलो मी चाळिशी ओलांडल्यावर शिकायला घेतला. मी रोह्याच्या एका शाळेत शिकवते, राहते जवळच वरसे गावात. शिकवणारे सर पेणला. उभं आयुष्य मुंबईत सिनेमाच्या गाण्यांसाठी चेलो वाजवून ते म्हातारपणी गावी परतले होते. रविवारी सकाळी मी ते व्हायोलिनच्या घाटाचं, माणसाएवढं वाद्य घेऊन एस.टी.त चढायची आणि कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, यांना मागच्या सीटवर झोपवा."

खालचे सूर जमायला काही वर्षं गेली. मग सर म्हणाले, "आता अंगठा बाहेर काढ."

तोवर डावा अंगठा वाद्याच्या मानेमागे टेकलेला असायचा. उंच सुरांसाठी हात खूप खाली सरकतो, तिथे मान संपते. मग अंगठा वर आणून दोन तारांवर आडवा ठेवायचा आणि त्याच्या पुढे तीन बोटांनी वाजवायचं. अंगठ्याच्या कडेची कातडी सोलवटायची. तर्जनीचं शेवटचं पेर हमखास आत मोडायचं.

"दाबतेस कशाला? दंडाचं वजन सोड," सर म्हणायचे आणि माझं बोट उचलून पुन्हा गोल करून ठेवायचे. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून रंगाचा वास येत असायचा.

एका रविवारी अंगठा एका तारेवर, अनामिका शेजारच्या तारेवर, आणि खालचा आणि वरचा 'सा' एकमेकांत मिसळून वाजले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आज लागला गो सूर," म्हणाल्या. सरांनी तेच मला पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांची डावी बाजू गेली.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मला वाद्य घेऊन बोलावलं. काकू म्हणाल्या, "नको आता ते." सरांनी ऐकलं नाही. आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत नीट बसवलं. वाजवायचा गज उजव्या हातात होता, तो हात शाबूत होता. डावा हात मी उचलून तारांवर ठेवला. अंगठा आडवा केला, बोटं गोल केली, जशी ते माझी करायचे तशी. सोडली की घसरायची. शेवटी त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून मी दाबलं आणि त्यांनी गज ओढला. नुसती खरखर आली.

"दाबू नकोस," ते म्हणाले. बोलणंही जड झालं होतं. मग गज खाली ठेवत म्हणाले, "पुरे. घेऊन जा."

घरी मी एकटीने सराव चालू ठेवला. पण माझ्याच अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. सकाळी डब्याचं झाकण उघडेना. डॉक्टर म्हणाले, "सांधा झिजलाय. हा अंगठा जितका वापराल तितका लवकर जाईल."

"बरा होणार नाही?"

"नाही."

आता अंगठा मानेमागेही फार वेळ टेकवत नाही. चेलो कपाटाशेजारी उभा असतो. महिन्यातून एखाद्या रविवारी पेणला जाते, मोकळ्या हाताने. सर खिडकीशी बसलेले असतात. मी त्यांना चहा पाजते, शाळेतलं काहीबाही सांगते. सरावाचं ते विचारत नाहीत आणि माझ्या अंगठ्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही. परवा त्यांचा डावा हात मांडीवरून निसटून लोंबत राहिला. त्यांना कळलं नव्हतं. मी तो उचलून पुन्हा मांडीवर ठेवला.