काहीही न विचारणारी डिस्क

गल्लीतले लोक त्याला भंगारकाका म्हणत, आणि त्याला त्याचा राग नव्हता, कारण दुकानात होतंही भंगारच. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तो पुन्हा चालते करायचा. नव्या सिस्टीमचा भार त्या म्हाताऱ्या मशीनना झेपत नसे, म्हणून फुकट मिळणाऱ्या एका सिस्टीममधला नको तो पसारा काढून त्याने स्वतःची हलकी सिस्टीम बांधली. ती शाळांत गेली, वाचनालयांत गेली. पण चढवताना स्क्रीनवर सतराशे साठ प्रश्न यायचे, आणि प्रत्येक प्रश्नाला तिथल्या बाई काकाला फोन करायच्या.

शेवटी त्याने काहीच न विचारणारी डिस्क बनवली. मशीनमध्ये घालायची, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. जुनं सगळं पुसून नवं आपोआप चढायचं. वाचायलाही काही नाही, डिस्क बोलूनच सांगायची. आवाज त्याच्या मुलीचा, चिमणीचा. "घाबरू नका. कशालाही हात लावू नका. झालंच आता." रेकॉर्डिंग करताना चिमणीने आपल्या मनानेच आणखी एक वाक्य बोलून ठेवलं होतं. "इथलं सगळं पुसलं जाईल. पुसू का?"

"हे नको," तो म्हणाला. "लोक घाबरतात आणि मग मला फोन करतात."

"बाबा, घर पाडायच्या आधी आत कोणी आहे का, एवढं तरी विचारतात!"

त्याने ते हसण्यावारी नेलं आणि वाक्य डिस्कमधून काढून टाकलं.

वर्षभरातच चिमणी गेली. आईविना वाढलेली पोर, रक्ताच्या आजाराने नेली. शेवटच्या महिन्यांत ती घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून आपलं बोलणं रेकॉर्ड करत राहायची. आजीच्या नकला, मैत्रिणींच्या चहाड्या, अर्धवट गाणी. खोकला आला की तोही त्यातच. ते सगळं त्या एका मशीनवर होतं. आजीला, म्हणजे काकाच्या आईला, आता दिसत नव्हतं. ती रोज दुपारी चाचपडत बटण दाबायची, की नातीचा आवाज सुरू होई. तेवढी सोय काकाने करून ठेवली होती. म्हातारी ऐकता ऐकता नातीला उत्तरंही द्यायची.

त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. एखादं गिऱ्हाईक "सगळं गेलं हो" म्हणत आलं, की हाच काका त्याला फाडून खायचा, "कॉपी ठेवायला काय झालं होतं?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण ती फाईल समोर आली की त्याचे हात गळायचे. उद्या करू, म्हणायचा.

डिस्क मात्र तो नेहमी दोन द्यायचा, एक खराब निघाली तर दुसरी असावी म्हणून. एका वाचनालयाने डिस्क मागवली तेव्हा दुकानातलं मशीन रुसलं होतं, म्हणून त्याने दोन्ही घरच्या मशीनवरच तयार केल्या. तो पाकीट द्यायला गेला, तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी ते उघडलं आणि त्या म्हणाल्या, "काका, यात एकच आहे."

त्याला एकदम आठवलं. दुसरी घरच्या मशीनमध्येच राहिली होती. दुकानात बनवलेल्या डिस्का तो रोज रात्री घरी तपासायचा, म्हणून त्या मशीनला, चालू झाल्याबरोबर आधी डिस्क बघ, असं त्यानेच शिकवून ठेवलं होतं. आणि दुपार झाली होती.

त्याने घरी फोन लावला. "आई, मशीन लावलंस?"

"लावलं की. आज नवीनच काहीतरी बोलतेय रे! घाबरू नका म्हणते."

"आई, भिंतीवरचं बटण बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

"ओरडतोस काय? ती म्हणतेय, कशालाही हात लावू नका."

"अगं, बंद कर!"

"शेवटी शेवटी तिचा एक शब्द आपण मोडला नाही, आता मोडू? झालंच म्हणतेय ती," म्हातारी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो धापा टाकत घरी पोचला तेव्हा आई भिंतीला टेकून, हात मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसली होती. "झालं बघ," ती म्हणाली. "मी बोटसुद्धा लावलं नाही. आता तिची गाणी लाव."

पुसलेलं परत काढायची विद्या त्याला येत होती. कित्येक दिवस तो उकरत बसला, पण जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं. खोकल्याचा एक तुकडा हाती लागला, बाकी नुसती खरखर. मग त्याने डिस्क नव्याने बांधायला घेतली आणि चिमणीचं ते काढून टाकलेलं वाक्य शोधलं. तेही त्याच पुसल्या गेलेल्या मशीनवर होतं. शेवटी ते त्याने स्वतःच्या आवाजात बोलून घातलं.

तीच डिस्क आता घरच्या मशीनमध्ये कायमची असते. दुपारी म्हातारी बटण दाबते. घाबरू नका, कशालाही हात लावू नका, असं नात सांगते. मग मुलाचा घोगरा आवाज विचारतो, "इथलं सगळं पुसलं जाईल. पुसू का?"

पुसण्यासारखं आत काहीही उरलेलं नाही. तरी म्हातारी रोज कळवळून म्हणते, "नको रे बाबा, नको."