सासूबाईंच्या डोक्यात काय आहे

माझ्या सासूबाईंचं नाव ओर्काते. वय त्यांनाच ठाऊक नाही. विचारलं तर म्हणतात, "दात मोज, आणि पडलेले धर." इथियोपियातल्या आमच्या कोन्सोच्या डोंगरात कातडी कमावणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आणि त्यासाठी दगडाची धार स्वतः काढणारी आमच्या गावात ही एकटीच. बाकीच्यांनी फुटक्या बाटलीच्या काचा धरल्या. सासूबाई काचेला नाक मुरडतात. "काच मुकी असते गं," म्हणतात. "कुठूनही वाजवा, एकच उत्तर."

त्या ओढ्यातून गारगोट्या आणतात, लुगड्याच्या ओच्यात घालून. एकेक कानाशी धरून लोखंडी कांबीनं टिचकी मारतात. आवाज आवडला तर ठेवतात, नाही तर जिथल्या तिथे नेऊन टाकतात, कारण "तिचं घर आहे ते." मग अंगणातल्या ओंडक्यासमोर पाय पसरून बसायचं, नेम धरायचा आणि घाव घालायचा. टवका निघतो बोटाच्या पेराएवढा. तो डिंकानं लाकडी मुठीत बसवला की त्यानं बैलाचं अख्खं कातडं खरवडून मऊ होतं. दहा वर्षांच्या असताना आईनं शिकवलं, आणि नवरा गेल्यावर ह्याच टवक्यांवर चार पोरं मोठी केली. त्यातला धाकटा गेलेबो माझ्या पदरात पडला.

आणि हे सगळं चालू असताना तोंड चालू. "इकडे बघ गं बाई. अशी. तिकडे कुठे पळतेस, तिकडे तुझा बाप बसलाय का? सरळ ये. रुसू नकोस." लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, मलाच बोलतात. मी धावत जायची.

माझं माहेर शेतकऱ्याचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दगडी बांधांची अकरा शेतं आहेत डोंगरउतारावर. कुसिया हे त्यांचं नाव घेतलं की तीन गावांतली माणसं उभी राहतात. आणि शेतकरी आमच्यात कारागिराला मुलगी देत नाहीत. मी शाळेत मास्तरीण झाले, गेलेबोशी लग्न केलं, आणि आबांनी दार लावून घेतलं. गंमत अशी की आबा झोपतात ते कातडं सासूबाईंच्या आईनं कमावलेलं. आळीचा ढोल वाजवतात तो सासूबाईंनी मढवलेला. पण त्या घरच्या प्यायच्या भोपळ्याला तोंड लावायचं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "दगड फोडणाऱ्यांच्या डोक्यात खडीच असणार." सासूबाईंचं नावसुद्धा घेत नसत, 'ती दगडफोडी' म्हणत. सहा वर्षं हे चाललं. माझी मुलगी मिमी आठ महिन्यांची झाली, रांगायला लागली, तरी आजोबांनी नात पाहिली नव्हती. मला त्याचा राग होता, आणि रागापेक्षा जास्त दुःख होतं. सासूबाई मात्र दर सणाला छाका, म्हणजे आमची ज्वारीची दारू, गाळून एक भोपळा बाजूला काढून ठेवत. "व्याही आले तर?" दुसऱ्या दिवशी ती आंबट झालेली छाका स्वतःच पिऊन टाकत.

अशात अदिस अबाबाहून मेहरेत नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या, दोन पेट्या आणि एक टोपी घेऊन. पलीकडच्या ओढ्यात लाखो वर्षांपूर्वीच्या दगडी कुऱ्हाडी सापडतात, ते आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. डॉक्टरीणबाईंना हवं होतं वेगळंच. दगड फोडता फोडता माणसाचं डोकं मोठं कसं झालं, विचार कुठून आला, 'मी' म्हणणारा कुणीतरी आत कधी जागा झाला, हे त्यांना शोधायचं होतं. जुनी डोकी तर माती झाली. मग आज जी बाई दगड फोडते तिच्या डोक्यात त्या वेळी काय चालतं ते पाहायचं. टोपीतून उजेड आत जातो आणि रक्त कुठे धावतंय ते पडद्यावर दिसतं. त्या अम्हारिक बोलत, सासूबाईंना ती येत नाही, म्हणून मध्ये मी.

मी सांगितलं तसे सासूबाईंचे डोळे चमकले. "म्हणजे माझं डोकं दिसणार? आत काय आहे ते?"

"हो."

"सगळ्यांना?"

"पडद्यावर. बघेल त्याला."

"मग हे अंगणात नाही करायचं," त्या म्हणाल्या. "आळीच्या मोरात करायचं."

मोरा म्हणजे आमचं बैठकीचं घर. खाली चारी बाजूंनी उघडा ओटा, वर गवताचं छप्पर. तिथे आबांची रोजची जागा ठरलेली. आळीची मंडळी गोळा झाल्यावर आबा खांबाला टेकून मोठ्यांदा म्हणाले, "त्या दगडफोडीच्या डोक्यात त्या यंत्राला काही सापडलं, तर मी त्यांच्या घरी जाऊन छाका पिईन!" सगळे हसले. मला ते शब्द झोंबले. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "ऐकलं ना सगळ्यांनी?"

पण घोळ आधीच झाला होता. एवढ्या लोकांसमोर डोकं दाखवायचं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी केसांना लोणी चोपडलं होतं, तेही नेहमीच्या दुप्पट. टोपी घातली की घसरून नाकावर येई. डॉक्टरीणबाईंनी तीनदा बसवली, तीनदा घसरली.

"काय म्हणते ती?"

"लोणी काढा म्हणतात, आई."

"डोकं बघायला आली आणि डोक्यावरचं काढा म्हणते?"

शेवटी मी गरम पाणी आणून सगळ्या आळीसमोर सासूबाईंचं डोकं तीन वेळा धुतलं. डोळे मिटून त्या पुटपुटत होत्या, "घास, नीट घास. आतलंही दिसू दे."

टोपी बसली. मग डॉक्टरीणबाईंनी बॉम्ब टाकला. काम करताना बोलायचं नाही. जबडा हलला की पडद्यावर सगळं विस्कटतं. मी सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी श्वास घ्यायला बंदी केली.

पहिला घाव. गारगोटीचा चुरा. दुसरी घेतली, ओठ घट्ट मिटून. टवका निघाला तो उलटा वाकडा, कातडंच काय, केळंही सोललं नसतं त्यानं. तिसरी तर सरळ दोन तुकडे होऊन ओट्याखाली गेली. मी त्यांना सहा वर्षांत एवढ्या चुका करताना पाहिलं नव्हतं. आबा खांबापाशी हसून म्हणाले, "बघा. खडी."

सासूबाईंनी कांब खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं. "तिला विचार," त्या मला म्हणाल्या, "ओढ्यातल्या त्या कुऱ्हाडी करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं असेल?"

मी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "बाईच होती कशावरून?"

"कातडं कोण खरवडतं? बाई. आणि तिला शिकवलं तिच्या आईनं. माझ्या आईनं मला शिकवलं ते काय मुकी राहून? 'इथे नाही, इथे. हलक्यानं. आता.' जिथे दगड फुटतो तिथे बोलणं असतं. ही म्हणते दगड बघू, बोलणं बाजूला ठेवू. मग उरलं काय? हात! हात तर माकडालाही आहेत."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "बोलू दे त्यांना. विस्कटलं तर विस्कटलं."

आणि सासूबाई सुटल्या! "ये गं माझी बाय. तीन पोरी वाया घालवल्या ह्यांनी माझ्या. तू तशी नाहीस. तुझ्या पोटात काय आहे ते मला दिसतंय. त्या खांबापाशी बसलेत ना, त्यांना नाही दिसत. त्यांना फक्त ज्वारी दिसते. जरा वळ. आता!" टक. टवका ओंडक्यावर येऊन पडला, पातळ, अर्धगोल, नखासारखा. मग दुसरा. मग पाचवा. पडद्यावर कानाच्या वरची जागा लाल होत होती, मागची होत होती, पुढची होत होती. आळी ओरडत होती, "पेटलं! म्हातारीचं डोकं पेटलं!"

पण आबा सहजासहजी हार मानणारे नव्हेत. "दिवे काय, कुणाचेही लागतील," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना हेच हवं होतं. ज्यानं कधी दगड फोडला नाही असा एक माणूस त्यांना तुलनेसाठी लागणारच होता. मी आनंदानं भाषांतर केलं. आळीनं आबांना अक्षरशः उचलून ओंडक्यासमोर बसवलं. डोक्यावर टोपी आली. आबांना टक्कल आहे, त्यामुळे ती झटक्यात बसली.

पहिला घाव अंगठ्यावर. दुसरा ओंडक्यावर. तिसऱ्या घावाला दगड उडून कोंबडीच्या अंगावर गेला. आबा घामाघूम. शेताचे बांध रचलेला माणूस, दगड हातात खेळवलेले, पण हा दगड ऐकेना. लोक हसत होते, आणि मला एकदम हसू येईनासं झालं. माझा बाप होता तो.

सासूबाई उठल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. "दगडाकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "अजून निघाला नाही त्या टवक्याकडे बघा."

"जो नाहीच त्याच्याकडे कसं बघू?" आबा खेकसले. सहा वर्षांत आबा सासूबाईंशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य.

"शेत बांधता तेव्हा पीक असतं का तिथे? नुसता उतार असतो. तरी तुम्हाला ज्वारी उभी दिसते ना?"

आबा थांबले. "दिसते," म्हणाले.

"मग तसंच. ही कड धरा. इथे नाही, इथे. अंगठा आत. आता बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"बैलाशी काय बोलता?"

आबांनी आजूबाजूला पाहिलं, घसा खाकरला, आणि अगदी हळू आवाजात गारगोटीला म्हणाले, "चल गं, राणी. चल." हात वर गेला. सासूबाई म्हणाल्या, "आता."

टक.

टवका निघाला. पातळ, आरपार उजेड दिसणारा. आबांनी तो उचलून सूर्यासमोर धरला आणि मोरा दणाणेल असे ओरडले, "विहीणबाई! निघाला, विहीणबाई! बघा!"

आबांना स्वतःला कळायच्या आधी तो शब्द तोंडातून गेला होता. आता कळला. हात तसाच वर, टवका तसाच उन्हात, आणि चेहरा लहान मुलासारखा झालेला. डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून मला विचारत होत्या, "इथे काहीतरी झालं. रेघ एवढी वर गेली. काय म्हणाले ते?" मला सांगता येईना. अम्हारिकमध्ये शब्द होता, पण मी रडत होते आणि हसतही होते, त्यामुळे तो बाहेर पडेना.

आबांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. टवका मुठीत घेतला आणि घराकडे न जाता उताराला लागले, आमच्या अंगणाकडे. अख्खी आळी मागे. गेलेबो बिचारा मिमीला कडेवर घेऊन दारात उभा होता. एवढी माणसं येताना पाहून त्याला वाटलं, काहीतरी आक्रीत घडलं. आबांनी काही न बोलता मिमीला घेतलं. तिनं आधी त्यांचा दुखरा अंगठा धरला, आणि नेमका तोच तोंडात घातला. आबा कळवळले, पण सोडवला नाही. "हिला दात येताहेत," एवढंच म्हणाले.

सासूबाई आत जाऊन आजही बाजूला काढून ठेवलेला छाकाचा भोपळा घेऊन आल्या. आमच्यात मनापासून पिणारी माणसं गालाला गाल लावून एकाच भोपळ्यातून एकदम पितात. आबांनी मिमीला एका हातावर घेतलं, खाली वाकले, आणि गाल पुढे केला.

लोणी धुतलेलं ते पांढरं डोकं आणि ते टक्कल भोपळ्यावर टेकली. छाका दोघांच्या हनुवटीवरून गळत होती. आणि माझ्या सहा वर्षांच्या सासरात पहिल्यांदाच सासूबाई कुणी न सांगता इतका वेळ गप्प होत्या, कारण तोंड भरलेलं होतं.