जिवाणूंना सुतक नसतं

मंडळी, आज आईचं सुतक फिटलं. प्रवरेच्या डोहातून तिनंच दोरासाठी भिजत घातलेली अंबाडी मी बाहेर काढली. वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, हातातच तुटला.

चिखलातले जिवाणू आपल्या विकरांनी, म्हणजे पाचक रसांनी, काड्यांच्या पेशीभिंतींतला डिंक विरघळवतात. म्हणून वाख मोकळा होतो. वेळेत काढला नाही, तर ते वाखही खातात.

मी चुलत्यांना म्हटलं होतं, "नाना, अंबाडी कुजेल."

"कुजू दे. सुतकात कामाला हात लावायचा न्हाई."

महायुद्धाच्या लढाईमुळं बाजारात दोर नाही. आता विहिरीवरची मोट कशानं ओढायची?

तुमच्याकडं सुतकात पाण्यातली अंबाडी कोण काढतं हो? असलं काही अडलं की मी आईलाच विचारायचो.