एकतीस धानं आणि माझा एक डाव

आमच्या घरी कोणाचाही मोबाइल ऐंशी टक्क्यांखाली उतरला की ह्यांचा जीव वरखाली होतो. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात भाजीला निघालं तरी दारात विचारतात, "चार्ज केला का?" सुना हसतात, नाती हसतात. सगळ्यांत जास्त मी हसायची. "तुम्ही दोनदा जेवता, तुमचा मोबाइल चारदा," म्हणायची. हसून झालं की मी दुसरीकडे बघायची, कारण ही खोड त्यांना माझ्यामुळे लागली होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी हे गोंदियाच्या एका बियाणं कंपनीसाठी गावोगाव फिरायचे. कंपनीने तळहाताएवढं यंत्र दिलं होतं. फोन नव्हे, त्यावर बोलता येत नसे. त्यात दुकानदारांचे पत्ते, कोणत्या वारी कोणतं गाव, कामांची यादी, गजर. काडीसारख्या पेनाने काचेवर लिहायचं, तेही त्या यंत्राला कळेल अशा वळणाच्या इंग्रजी अक्षरांत. शनिवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलं की सगळं तिकडे उतरायचं.

दिवाळीच्या सुट्टीत ह्यांना वेगळंच सुचलं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जुन्या धानांची, म्हणजे भाताच्या जातींची, नावं तोंडपाठ. लुचई, हिरानखी, दुबराज... कोणतं खोलगट बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, येतं, कोणतं कमी पाण्यात तगतं, कोणाचा भात शिळा झाला तरी मऊ राहतो. एरवी संकरित बियाणं विकणारा मुलगा ओसरीवर बसून बापाची धानं यंत्रात लिहून घेत होता. तीन दिवसांत एकतीस नावं झाली. मामाजींचा रुबाब पाहावा! "लिव गा, हे नाव तुले दुसरीकडं नाही भेटणार."

चौथ्या दिवशी बापलेक नवेगावबांधला नातेवाइकांकडे गेले, यंत्र घरी विसरून. आणि त्यात पत्त्यांचा खेळ होता.

पंचेचाळीस वर्षांची बाई, बी.ए. झालेली, पोरांना "अभ्यास करा" म्हणून ओरडणारी! चुलीवरची डाळ करपली तरी हिचे पत्ते सुरूच. दुपारी काचेवर एक चौकट आली. 'बॅटरी' एवढा शब्द वाचला आणि पेनाने ओके दाबलं. पुन्हा आली, पुन्हा दाबलं. डाव सुटतच आला होता ना! मग काच काळी झाली. मी विचार केला, टॉर्चचे सेल संपले म्हणून टॉर्च काही विसरते का? चार्जर ह्यांनी कुठे ठेवला ते ठाऊक नव्हतं; विचारलं तर चोरी उघडी पडणार, म्हणून यंत्र पदराने पुसून गुपचूप पिशवीत ठेवलं. चौकटीत लिहिलंच होतं म्हणे, लगेच चार्ज करा, नाहीतर सगळं जाईल. बी.ए. बाईने पुढचं वाचलं नव्हतं.

ते परतले तीन दिवसांनी. तोवर यंत्र कोरं झालेलं. दुकानदारांचे पत्ते ऑफिसातून परत मिळाले. धानांची नावं सुट्टीमुळे ऑफिसात पोचलीच नव्हती.

"मी चार्ज कराले विसरलो, बाबा. सगळं गेलं."

"तुया डब्ब्यानं माया धान खाल्ला तं!" मामाजी हसले. "पुन्हा लिवू."

मी आत तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

पुन्हा बसायला उन्हाळा उजाडला. मधल्या थंडीत मामाजींना लकवा मारून गेला होता. नऊ नावं सांगितली आणि थांबले. मग म्हणाले, "आता नाही आठवून राहिलं गा. माफ कर." खेळले मी, माफी मागितली त्यांनी. पुढच्या दिवाळीला ते नव्हते.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना ते यंत्र निघालं. ह्यांनी जपून, कापडात गुंडाळून ठेवलं होतं. मला राहवेना.

"अजी, तुम्ही विसरले नव्हते. मी पत्ते खेळून बॅटरी संपवली होती."

ह्यांनी यंत्राची काच अंगठ्याने पुसली. कपाळाला आठी नाही, काही नाही. मग विचारलं, "जिंकली तरी होतीस का वो?"

"नाही."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. यंत्र परत कापडात गुंडाळलं, उठले आणि आपला मोबाइल चार्जरला लावला. ब्याण्णव टक्के होता.