दाल बाजारात टांगलेला चेहरा

सांगलीहून गाडी सुटली तेव्हा मी रागात होते, आणि ग्वाल्हेर येईपर्यंत तो राग लोणच्यासारखा चांगला मुरला. लोक ग्वाल्हेरला किल्ला बघायला जातात. मी भांडायला निघाले होते. कोणाशी, ते मात्र अजून ठरायचं होतं.

कारण एवढंच, की मोबाइलवर एक निरोप आला होता. "ताई, माझा चेहरा दाल बाजारात टांगलेला आहे. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीवर. तुम्ही विकलात का?" पाठवणारी होती आक्का. बाकी सगळं मी सहन केलं असतं, पण ते शेवटचे तीन शब्द जिव्हारी लागले. मी उत्तर लिहिलं, 'येते', आणि तिकीट काढलं.

आक्का कोण, हे सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा. सांगलीत माझा फोटो स्टुडिओ होता. आयुष्यभर लोकांना "हनुवटी जरा खाली, हं, हसा" म्हणत आले. मोबाइल आले आणि दुकान बसलं. मग मुलीने मला इंटरनेटवरची ती आभासी गावं दाखवली, जिथे माणसं पडद्यावर हवं ते रूप घेऊन वावरतात. त्या रूपाला अवतार म्हणतात. तिथे घरं आहेत, बाजार आहेत, समुद्रकिनारे आहेत, आणि फोटो काढून घ्यायची हौस तर माणूस जाईल तिथे बरोबर नेतोच. मी त्या अवतारांचे फोटो काढते. "म्हणजे स्क्रीनशॉटच ना?" असं विचारणाऱ्यांशी मी पुन्हा बोलत नाही. उजेड कुठून पाडायचा, सूर्य किती खाली आणायचा, समोरच्याची नजर कुठे खिळवायची, हे सगळं मला तिथेही पाहावं लागतं, आणि तिथली गिऱ्हाइकंही इथल्यासारखीच आखडून बसतात.

त्या जगात जो तो पंचविशीचा आणि गोरापान. त्यात ही आक्का एकटी म्हातारी. सावळी, पांढऱ्या केसांचा सैल अंबाडा, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. त्या सुरकुत्या तिने स्वतः एकेक करून घडवलेल्या होत्या. फोटोला बसली तेव्हा काही केल्या माझ्याकडे बघेना. एक अख्खी रविवारची दुपार गेली. शेवटी मी कंटाळून विचारलं, "आक्का, जेवलात का?" तेव्हा तिने वर बघितलं. तो फोटो मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर लावला, कारण तेवढा चांगला फोटो मी खऱ्या माणसाचाही कधी काढला नव्हता.

ग्वाल्हेर स्टेशनावर मी पांढरा अंबाडा शोधत उभी होते. समोर आली चाळिशीची, खांद्याला पर्स लावलेली एक बाई. "सुलभाताई? मी आक्का. म्हणजे वृंदा," असं म्हणून ती वाकून माझ्या पाया पडली. इतके दिवस जिला मी 'अहो, आक्का' म्हणत होते, ती माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान निघाली! मला हसू आलं आणि मग हसू आल्याचाच राग आला.

"तू असा विचार तरी कसा केलास माझ्याबद्दल?" मी फलाटावरच सुरुवात केली.

"ताई, मी ऑफिसला जात होती, तर एकदम नजर पडली. मला तर काही समजतच नाही आलं," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय फोटो कोणाजवळ होता? आधी काही खाऊन घ्या, मग रागवा."

तिने मला रस्त्याकडेच्या एका दुकानात बेढई (डाळीचं वाटण भरलेली फुगीर पुरी) आणि बटाट्याची झणझणीत रस्साभाजी खायला घातली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या रागातही मी तीन बेढया खाल्ल्या, हे कबूल करायला हवं. ग्वाल्हेरच्या माणसाला सकाळी उठून एवढं तिखट पचतं, तर तेलवाला कसला असेल, याची मला थोडी धास्तीच वाटली.

वृंदाचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायला महाराष्ट्रातून आले आणि इथलेच झाले. ती एका विमा कार्यालयात नोकरी करते आणि शिंदे की छावनीत भाऊ-भावजयीकडे राहते. आक्काबद्दल घरी कुणाला काही माहीत नाही, हे तिने मला रिक्षात दोनदा बजावलं. रिक्षा लष्कर भागात वळली. इथे कुठल्याही गल्लीतून मान वर केली की डोंगरावरचा तो लांबलचक किल्ला दिसतो. त्याच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा आणि त्यांत बसवलेली पिवळी बदकं पाहायची फार इच्छा होती, पण आधी काम.

दाल बाजार म्हणजे पोत्यांचा, हातगाड्यांचा आणि हळदीच्या वासाचा रस्ता. तिथे एका दुकानावर पुरुषभर उंचीचा फ्लेक्स होता. त्यावर माझी आक्का. तीच नजर, तोच उजेड, मी डाव्या बाजूने पाडलेला. आणि खाली लिहिलं होतं, 'पहले उठ नहीं पाती थी, अब दौड़ती हूँ! — शांति दादी, मुरैना.'  फोटो चोरला तो चोरला, वर तिला नाव दिलं, गाव दिलं, दुखरे गुडघे दिले आणि तिच्या तोंडी थापही घातली!

दुकानदार तोंडात पान धरून बसला होता. मी माझ्या सांगलीच्या हिंदीत तोफ डागली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे मैडम, जे किसी की फोटो थोड़ी है," तो म्हणाला. इथे 'ये'ला 'जे' म्हणतात. "कंप्यूटर की है। नेट पे पड़ी थी, फ्लेक्स वाले ने उठा ली। असली औरत की होती तो हम पूछते।"

"मैंने निकाला है वो फोटो!" मी ओरडले. "मेरा है!"

"तो क्या अम्मा ने आके शिकायत की है?" त्याने विचारलं. चार माणसं हसली.

मी 'माझा फोटो, माझा उजेड, माझी मेहनत' असं आणखी बरंच बोलले. वृंदा मागे उभी होती. आजूबाजूला तिच्या ओळखीचं कुणी आहे का, हे ती बघत होती, आणि तसे एक गृहस्थ होतेही. पलीकडच्या डाळीच्या दुकानातून म्हातारे शेठजी बाहेर येऊन म्हणाले, "अरे, तू तो मास्टरसाब की बिटिया है ना? क्या हो गया?" झालं. आता ही इथून पळणार, अशी माझी खात्री झाली.

ती पुढे आली. "अंकल, वो मैं हूँ," असं म्हणून तिने फ्लेक्सकडे बोट केलं. "वो शकल मेरी है।"

दुकानदाराने एकदा तिच्याकडे, एकदा फ्लेक्सकडे पाहिलं आणि तो एवढा हसला, की पान सांडलं. वृंदाने मोबाइल काढला आणि त्या आभासी गावात शिरली. बाजारातलं नेटवर्क ते! आधी पडद्यावर नुसता राखाडी ढग. "जे है दादी?" कुणीतरी म्हणालं. मग एक करडा पुतळा. मग साडी आली. शेवटी सावकाश केस, सुरकुत्या, डोळे. हुबेहूब फ्लेक्सवरची बाई. आणि ती बाई पापणी मिटून उघडून सरळ दुकानदाराकडे पाहायला लागली.

दुकानदाराचे हात आपोआप जोडले गेले. "राम-राम, अम्मा," तो पुटपुटला. आता कुणी हसलं नाही.

पण व्यापारी तो व्यापारीच. क्षणभराने सावरून त्याने विचारलं, "जे वीडियो में भी बोल देंगी क्या? तेल के बारे में?"

"दादी से नहीं, मुझसे पूछिए," वृंदा म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "और मैं मना करती हूँ। उतारिए।"

शेठजींनीही "उतार दे भाई" म्हटलं, तेव्हा तो स्टुलावर चढला. त्याने ब्लेडने गोल कापून नुसता चेहरा काढला आणि कागदासारखी गुंडाळी करून वृंदाच्या हातात दिला. बाकी फ्लेक्स तसाच ठेवला.

आम्ही छावनीत पोचण्याआधी बातमी पोचली होती. तिचे दादा दारातच उभे होते. "बाजारात तमाशा केला म्हणे तू? आणि हे काय, घरात काय कमी होतं की म्हातारी बनून फिरत होती?"

वृंदाने गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. "म्हातारीला कोणी स्थळ नाही आणत, दादा," ती म्हणाली. "तिथे लोक येतात, जवळ बसतात, आपली गोष्ट सांगतात. लग्न का नाही झालं, असं कोणी नाही विचारत."

  आक्का म्हातारी का, हे तिला विचारावं असं मला कधी सुचलंच नव्हतं. वहिनी चहा घेऊन आल्या. पाहुणी मी होते, पण पहिला कप त्यांनी वृंदासमोर ठेवला, आणि साखर तिच्या बेताची आहे का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. बदकं सुरेख आहेत. संध्याकाळी स्टेशनाकडे जाताना रिक्षा दाल बाजारातून गेली. फ्लेक्स तिथेच होता. साडी होती, पदर होता, मानेच्या वर गोल भोक आणि त्यातून मागची विटांची भिंत दिसत होती. 'अब दौड़ती हूँ!' हे खाली शाबूत. आणि समोर दोन बायका उभ्या राहून तेलाची बाटली उलटसुलट करून बघत होत्या. एकीने ती पिशवीत टाकली. मी रिक्षा थांबवायला लागले, तर वृंदाने माझा हात धरला. "राहू द्या ना ताई. माझं मी घेऊन आली आहे."

तिचा राग उतरला होता. माझा नाही. परतीच्या गाडीत झाशी गेलं, भोपाळ गेलं, मला झोप येईना. आयुष्यभर मी एकेका चेहऱ्यासाठी उजेड हलवत बसले, आणि तिकडे भोकावरही तेल खपतंय. म्हणजे त्यांना चेहरा लागतच नव्हता. कुठलाही चालला असता, नसता तरी चालला असता. मग मेल्यांनो, तिचाच का उचललात?