गोलवाल्या बाई आणि पास्कूचा ग्लास

गोलवाल्या बाईंना मेलेली माणसं दिसायची. अंगात येणं वगैरे काही नाही हो, त्यांची नोकरीच तशी होती. दारू पिणारी माणसं कुठे, कशी, कुणाबरोबर बसतात आणि त्यांचं नुकसान कमी कसं करता येईल, याचा त्या अभ्यास करायच्या. तुळिंजहून रिक्षा बदलत वटारला आमच्या केळीच्या वाडीत यायच्या, तेही रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, भर दुपारी. म्हणजे आम्ही चटई अंथरली की नेमक्या हजर.

"मी सोडवायला नाही, बघायला आलेय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी आमच्यातल्या बावतीसने ग्लास पाठीमागे लपवला आणि पाठ ओली करून घेतली. बसलेल्या माणसागणिक बाई वहीच्या कागदावर एक गोल काढायच्या. किती पिता, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. "त्यावर सगळे खोटं बोलतात. शेजारी कोण बसतं, यावर कुणी बोलत नाही." मी तर स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांसमोर वय चोरलेला माणूस, पण त्या कागदापुढे माझी जीभ सरळ व्हायची.

एका रविवारी त्यांनी आम्हाला मोजलं. पाच. गोल मात्र सहा काढले.

"हा ग्लास कुणाचा?"

"पास्कूचा," बावतीस म्हणाला. "गेल्या पावसाल्यात गेला तो. पन जागा हाय ना त्याची."

आमची रीतच तशी. जो शेवटी गेला त्याची जागा मोकळी ठेवायची, त्याचा ग्लास भरायचा आणि उठताना उजवीकडच्याने तो संपवायचा. मेलेल्याचा वाटा कुणी टाकतं का?

बाईंनी वहीची मागची पानं उलटली. "पास्कूच्या आधी?"

"मिंगूचा."

"तो कोण संपवायचं?"

केळीची पानं इतका वेळ फडफडत होती. शपथेवर सांगतो, ती थांबली.

"पास्कूच."

"आणि आता पास्कूचा?"

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. माझी सुजलेली पावलं मी हळूच लुंगीखाली ओढून घेतली.

"रीत मोडा म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पास्कूचा मान पास्कूला द्या. केळीच्या बुंध्याशी ओता."

"केल मरंल ना, बाय!"

"केळ पुन्हा लावता येते, बावतीस."

आम्ही ओतू लागलो. त्या केळीची फळं खाऊन कावळे थेट पापडी गावापर्यंत वाकडे उडाले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. पण दुसऱ्या महिन्यात बुंधा आतून काळा पडला, तेव्हा कुणाला हसू आलं नाही. बुंधा उपटला. बाईंचं येणंही त्याच सुमारास थांबलं. ग्लास निमूटपणे माझ्याकडे परत आला, आणि सूजही.

मग एका रविवारी त्यांची बहीण वही घेऊन आली. बाई गेल्या होत्या. शेवटच्या पानावर आमचीच बैठक होती. पास्कूचा गोल खोडून तिथे बाईंनी स्वतःचा गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'लिंबूपाणी.'

"आजार कळला त्या आठवड्यात काढलंय," बहीण म्हणाली. "तुमच्याकडे शेवटी गेलेल्याचा ग्लास भरतात ना?"

त्या दिवशी पास्कूचा ग्लास बंद झाला. आता उठताना मी बाईंचा संपवतो. कधीकधी हातात घ्यावा तर तो आधीच अर्धा असतो. बावतीस म्हणतो, मुंग्या. मी वाद घालत नाही. उरलेला पितो, चपला पायात सरकवतो आणि घरी जातो. चपला आता बसतात.