खुंटीवरची साडी

खरं सांगते, मला हेवा वाटला. तोही नवऱ्याचा, आणि दुसरीच्या नाही, माझ्या स्वतःच्या. बायकांना सांगितलं की त्या हसतात. हसू देत.

आमचं घर पूर्णगडच्या अलीकडे, कातळाच्या सड्याच्या पायथ्याला. हे रत्नागिरीला कचेरीत कारकून होते. सकाळच्या एसटीने जायचे, दिवेलागणीला परत यायचे. गोठा माझा. शेण माझं, पेंढा माझा, गुरांना खायचं आंबोण शिजवायचं ते मीच, आणि गाय व्यायला अडली तर हात घालणारीही मीच. हे कधी चुकून गोठ्यात डोकावलेच तर नाकाला रुमाल लावून. "इस्त्रीच्या कपड्यांना वास लागतो गो," म्हणायचे. मी कधी चकार शब्द काढला नाही. माझी आई सांगायची, गायीचं केलेलं बोलून दाखवू नये, दूध नासतं. दूध काही नासत नाही, एवढं मलाही कळतं. पण ते वळण अंगात मुरलं ते मुरलंच.

आमची तांबडी म्हणजे कोकणातली बुटकी गावठी गाय. दूध ते केवढं, पण तोरा विचारू नका. माझ्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नसे. दुसरं कुणी धार काढायला बसलं की पान्हा चोरायची, म्हणजे दूध वर ओढून धरायची आणि सोडायचीच नाही. तरी नेटाने कुणी बसलंच तर दुधाची कासंडी लाथेने अंगणात. लोक वैतागायचे. मला मात्र आतून गुदगुल्या व्हायच्या. जगात एका जिवाचं तरी माझ्यावाचून अडतं, हे काय कमी झालं?

हे रिटायर झाले आणि त्याच दिवाळीनंतर लेकीच्या बाळंतपणासाठी मला पनवेलला जावं लागलं. तिला डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, नाहीतर तीच माहेरी आली असती. निघताना तांबडीची धाकधूक होती. पण खोटं कशाला बोलू, थोडी खुशीही होती. म्हटलं, आता कळेल ह्यांना.

पहिले काही दिवस फोनवर नुसती रडकथा. मग एक दिवस आवाज एकदम टवटवीत. "देते हो तांबडी धार. काही त्रास नाही."

"तुम्हाला देते?"

"मग काय शेजाऱ्याला?"

मी फोन ठेवला आणि बाळाचे लंगोट असे पिळले की लेक म्हणाली, "आई, फाटतील ना ते!"

पुढचा फोन त्याहून भारी. तालुक्याला गावठी गायी सांभाळणाऱ्यांचा सत्कार होता आणि त्यात आपलं नाव निवडलं होतं. आपलं म्हणजे त्यांचं. गुरांचे डॉक्टर घरी येऊन धार काढतानाचा व्हिडिओ घेणार होते. अरे वा रे वा! जन्मभर शेणात हात माझे, आणि चार महिने गोठा बघितला तर शाल ह्यांना. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केलेलं बोलून दाखवू नये म्हणणाऱ्या आईचाही त्या दिवशी राग आला.

डॉक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचले. पिशवी ओटीवर टाकली आणि आधी मागच्या दाराशी गेले. माझी गोठ्यातली साडी तिथे खुंटीला असते. विटलेली, हिरवी, शेणाने आणि दुधाने कडक झालेली. खुंटी रिकामी.

"माझी साडी कुठाय?"

"असेल कुठेतरी," हे म्हणाले. "अगो, प्रवासातून आलीस, दम खा. धार मी काढतो." आणि आत जाऊन गोठ्याचं दार चक्क लावून घेतलं.

बाहेर माझी धाकटी जाऊ उभी होती. ती कसली संधी सोडते! "वैनी, आता तुम्ही पनवेललाच राहिलात तरी चालेल हो. भावजींचं सगळं जमलंय." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जाऊन दार ढकलावंसं वाटत होतं. पण म्हटलं, बोलावल्याशिवाय मी जायची नाही. त्या गायीलाही माझी आठवण आली नसेल तर नसू दे.

सकाळी डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर मोबाईल धरणारा एक माणूस, आणि बघायला अर्धी वाडी. हे पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात. तांबडीला अंगणात बांधलं, वासरू सोडलं, मग बाजूला घेतलं. हे खाली बसले. तांबडीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पान्हा चोरला. थेंब नाही. ह्यांनी चुचकारलं, पाठ थोपटली. तिने पाय उचलला आणि कासंडीत ठेवला.

लोक हसायला लागले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माडाकडे पाहिलं. मदत करायची? मुळीच नाही! होऊ दे सत्कार!

हे उठले, गोठ्यात गेले. मला वाटलं, तोंड लपवायला गेले. आणि बाहेर आले ते डोक्यावरून माझी हिरवी साडी पांघरून. पदर खांद्यावर घेतलेला, आत इस्त्रीचा शर्ट. वाडीभर जो हशा झाला म्हणता! हे मान खाली घालून बसले आणि माझ्यासारखं म्हणाले, "थांब गो बाय, थांब गो." तांबडीने साडी हुंगली आणि धार सोडली.

"अहो, हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाय हिची आहे," हे वर न बघता म्हणाले. "मी आपला हिचा वास अंगावर घेऊन बसतो. ते घाला तुमच्या व्हिडिओत."

दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या वाडीच्या मोबाईलवर. आणि कौतुक कुणाचं? पुन्हा ह्यांचंच! "काय माणूस आहे हो, लाजला नाही!" माझ्या साडीनेसुद्धा नाव काढलं. मी राहिले जिथल्या तिथे. आणि मग एक भलताच विचार पोटात शिरला. तांबडी ओळखते ती मला, का त्या फडक्याला? मेलं, त्या साडीचासुद्धा हेवा वाटला मला.

संध्याकाळी मी कासंडी उचलली. अंगात लेकीने दिलेला नवा गाऊन, त्याला पनवेलचा साबण आणि बाळाची पावडर.

"ही घे," ह्यांनी साडी पुढे केली.

"नको."

तांबडीने गाऊन हुंगला, फुर्र केलं आणि एक पाऊल मागे सरली. रोजचं 'थांब गो बाय'सुद्धा मी म्हटलं नाही. तशीच बसले आणि कासेवर नुसता हात ठेवला. तिने मान वळवली. खरखरीत जिभेने माझं कोपर चाटलं, आणि मी ओढायच्या आधीच दूध गळायला लागलं, गाऊनवर, पायावर.

हे दारात उभे होते, साडी हातावर घेऊन.

"मला नाही हो कधी अशी देत," म्हणाले.

त्या आवाजात हेवा होता. मी लगेच ओळखला.